डाव्या नळीचं झाकण

"शेजारी चारशे पट मोठं दाखवणारं यंत्र ठेवलेलं असताना आमच्या वन्संना चाळीस पटीचं हवंय," मी दुकानदारांना म्हटलं. "आता तुम्हीच काय ते सांगा यांना."

दुकानदारांचं आडनाव देवस्थळी. पुण्यात शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर, शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवायचं त्यांचं दुकान होतं. सत्तरीचे गृहस्थ, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, बोलायची कसली घाई नाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वन्संकडे, आणि म्हणाले, "बाईंचंच बरोबर आहे."

"ऐकलंस?" वन्सं म्हणाल्या. "चारशे पटीचं भिंग पार दगडाला टेकतं. मग सुई कुठून घालू? तुझ्या डोक्यातून?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शरयू गायधनी. नाशकात मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या आणि आमच्याच घरात वरच्या खोलीत त्यांनी दगडांचा संसार मांडला. सिन्नरकडे कुठे विहीर खणतायत असं कानावर आलं की यांची पिशवी आणि छोटी हातोडी तयार. काळ्या पाषाणात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत स्फटिक धरलेले असतात, कधी काचेसारखे, कधी केसासारखे बारीक पांढरे. ते दगड घरी आणायचे, खिडकीपाशी टेबलावर मांडायचे, आणि स्टँडच्या भिंगातून बघत सुईने आणि कुंचल्याने आतली माती कणाकणाने काढायची. एकेका दगडाला महिना. मी त्याला उद्योग नाहीत दुसरे असं म्हणायची, आणि त्यांच्या तोंडावर म्हणायची. आमचं तसंच होतं. पस्तीस वर्षांत एकमेकींना धड गोड बोलल्याचं मला आठवत नाही, आणि एकमेकींवाचून जेवल्याचंही आठवत नाही.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. त्या वर्षात वन्संच्या हातून तीन चांगले दगड बिघडले होते. सुई जायची भलतीकडेच आणि कट्, स्फटिक मोडायचा. तिसरा मोडला तो मुसळगावच्या विहिरीतला, त्यांचा सगळ्यात लाडका. त्या दिवशी हाका मारून दमले तरी त्या जेवायला खाली येईनात, म्हणून वर गेले. तळहातावर मोडके पांढरे तुकडे घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुमुद, डोळ्याला दिसतं पण हाताला कळत नाही. एक चांगलं यंत्र आणून बघते. त्यानेही जमलं नाही तर दगड शाळेला देऊन टाकते, आणि हे टेबल तुम्ही खाली न्या, इस्त्रीला होईल."

इस्त्रीला टेबल मला दहा वर्षं हवं होतं. पण वन्संचा आवाज नेहमीचा नव्हता. त्या टेबलाशिवाय ही बाई दिवसभर करील काय, हे काही माझ्या डोळ्यांसमोर येईना. मी म्हटलं, "चला, पुण्याला जाऊ. मी येते बरोबर." आणि दोन दिवसांनी सहाच्या बसने आम्ही निघालो.

दुकानात वन्सं अगदी वर्गात असल्यासारख्या वागत होत्या. वहीत यादी करून आणलेली. देवस्थळींनी एकेक यंत्र पुढे करायचं आणि यांनी नाक मुरडायचं.

"भिंग आणि दगड यांच्यात अंतर किती राहतं यात?"

देवस्थळींनी भिंगाखाली आपली मूठ धरली. "मूठ मावते. आणि हे अर्ध्या पटीचं जादा भिंग खाली लावलंत तर दोन मुठी मावतील. फक्त दगड थोडा लहान दिसेल."

"दिसू दे. हात मोकळा राहिला पाहिजे. दिवा?"

"हा गोल दिवा आहे, भिंगाभोवती बसतो. सगळे हाच नेतात."

"नको. गोल दिवा लावला की स्फटिकाच्या पैलू-पैलूत ठिपक्यांची माळ दिसते. मला दगड बघायचाय. मला ते मानेचे दोन दिवे द्या, वाकवता येणारे, दोन बाजूंनी टाकीन."

देवस्थळी खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "कॉलेजातले प्रोफेसर येतात, पण असं विचारत नाहीत हो." जणू काही मीच वन्संना घडवलं होतं. मला आपलं बरं वाटलं.

मग त्यांनी वन्संच्या मनातलं यंत्र कपाटातून काढलं. लांब आडव्या दांड्यावर बसवलेलं, म्हणजे केवढाही दगड खाली ठेवता यावा. वर डोळे लावायला दोन नळ्या. "याची गंमतच ही," देवस्थळी सांगत होते, "दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, म्हणून खोली दिसते. पोकळी पोकळी दिसते, काटा काटा दिसतो." वन्संनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणूनच आले. मला खोली हवीय."

नळ्यांवर धूळ बसू नये म्हणून काळी प्लॅस्टिकची टोपणं होती. देवस्थळींनी उजव्या नळीचं काढलं तेवढ्यात आत फोन वाजला. "बसा, बघा तुम्ही, आलोच," म्हणून ते आत गेले. वन्संनी रुमालातून आपला नमुन्याचा दगड काढला, खाली ठेवला, दिवे दोन बाजूंनी वाकवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकल्या.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"अगं काय सुरेख. आत उतरल्यासारखं वाटतं. विहिरीत वाकून बघावं ना, तसं खोल."

मीही बघावं म्हणून त्यांच्या डाव्या हाताला गेले. तर डाव्या नळीवर टोपण तसंच.

मी हसणारच होते. एवढ्या मोठ्या विज्ञानाच्या बाई आणि झाकण न काढता बघतायत, हे घरी जाऊन कसं सांगायचं ते सुद्धा मनात जुळवून झालं होतं. पण त्या बोलतच होत्या. पुढचे काटे जवळ दिसतात म्हणाल्या, मागचे लांब दिसतात म्हणाल्या. एका डोळ्यापुढे मिट्ट काळोख असताना माणसाला तो कळत नाही, असं कसं होईल?

त्यांनी मान वर केली. मी डाव्या अंगाने हात हळूच त्यांच्या डोळ्याजवळ नेला. अगदी पापणीला लागेल इतका. पापणी लवली नाही. वन्सं यंत्राकडे बघत समाधानाने सुस्कारे टाकत होत्या.

मी ते टोपण काढलं आणि पर्समध्ये टाकलं. त्या पुन्हा वाकल्या. त्यांच्या बोलण्यात काडीचा फरक पडला नाही.

देवस्थळी परत आले. "काय, दोन्ही नळ्यांतून मिळून एकच चित्र दिसतंय ना?"

"एकच दिसतंय," वन्सं म्हणाल्या.

"आम्ही जेवून येतो," मी म्हटलं.

"आत्ता? अगं, ठरतंय इथे सगळं."

"मला भूक लागलीय, वन्सं. चक्कर येईल मला."

मला कधी चक्कर येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. पण माझ्या तोंडाकडे बघून त्या उठल्या. जिना उतरताना त्या भिंतीला हात लावून, पायाने चाचपून एकेक पायरी उतरत होत्या. कधीपासून असं उतरायला लागल्या होत्या? मी रोज बघत होते आणि वय झालं म्हणून सोडून देत होते.

समोरच खानावळ होती. ताटं आली. मी पर्समधून ते टोपण काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"डाव्या नळीचं झाकण. तुम्ही विहिरीत वाकून बघत होतात ना, तेव्हा ते नळीवर होतं."

वन्संनी ते उचललं, उलटसुलट केलं, आणि परत ठेवलं. मग ताटातलं मीठ बोटाने सारखं केलं, लिंबाची फोड सरळ केली. मला न बोलणं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "आधी कडेकडेने गेलं. मग सगळंच."

"कळलं कसं तुम्हाला?"

"सातवीला मी एक प्रयोग करून घ्यायची. एक डोळा मिटायचा आणि दोन हातांत दोन पेन्सिली धरून टोकाला टोक लावायचं. लागत नाही. चुकतंच. मुलींची हसून हसून पुरेवाट व्हायची." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मी दोन्ही डोळे उघडे ठेवून करून बघितला. चुकला."

"आणि तरी हे दोन नळ्यांचं यंत्र घ्यायला आलात? तुम्ही? खोली दोन डोळ्यांमुळे दिसते हे चौतीस वर्षं पोरींना शिकवणाऱ्या तुम्ही?"

"माहितीपत्रकात लिहिलं होतं, खोली दिसते. मला सगळं कळत होतं, कुमुद. पण वाटलं, यंत्र आहे, देईलही. आज वाकले आणि म्हटलं, दिसतंय. आपण म्हटलं की दिसतं थोडं थोडं."

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "आईंना काचबिंदू होता. तुम्हाला ठाऊक होतं. वर्षभर गप्प बसलात. दुसराही गेला असता तर? भावाला नाही सांगितलंत ते ठीक, तो विसरभोळा आहे. पण मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

वन्संनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुझीच भीती वाटली मला."

"माझी?"

"आईच्या हातातली सांडशी कोणी काढून घेतली?"

मी काढून घेतली होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. सासूबाईंना दिसेनासं होत चाललं होतं. एकदा दुधाचं पातेलं कलंडलं, त्यांच्या पायाला भाजलं, आणि मी त्यांच्या हातातून सांडशी घेतली आणि त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. मग विळी बंद केली. मग देवाचं निरांजन. मग निवडणं-टिपणं सुद्धा, खडे राहतात म्हणून. पुढे नऊ वर्षं त्या त्या खुर्चीत बसून होत्या. रोज सकाळी विचारायच्या, "काही करू का गं?" आणि मी म्हणायची, "तुम्ही बसा हो आई, आराम करा." सगळी गल्ली माझं कौतुक करायची. सून असावी तर अशी, म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

"तू वाईट नाही वागलीस," वन्सं म्हणाल्या. "फार चांगली वागलीस. म्हणून तर घाबरले. गेल्या महिन्यात माझा चहा कपाबाहेर ओतला गेला, तर दुसऱ्या दिवसापासून गाळणं तुझ्या हातात. मी काही बोलले नाही. म्हटलं, चहाचं ठीक आहे. पण हिला डोळ्याचं कळलं तर सुई जाईल, हातोडी जाईल, आणि मला एक खुर्ची मिळेल. उशी लावलेली."

वाढपी वरण घेऊन आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, भाजी तिखट लागली का?"

"लागली," मी म्हटलं. "पाणी आणा."

पाणी प्यायले. पदराने तोंड पुसलं. आईंची क्षमा मागायची तर त्या गेल्याला चोवीस वर्षं झाली होती, आणि वन्संची मागायची तर त्यांनी ती मागूच दिली नसती. शेवटी म्हटलं, "उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. यात तुमचं काही ऐकणार नाही मी."

"जाऊ. आणि टेबल?"

"टेबल खिडकीपाशीच राहील."

"सुई?"

"तुमची सुई तुमच्याच हातात राहील."

"शपथ घेऊ नकोस, तुला झेपायची नाही."

"नाही घेत. जेवा आता."

त्या दोन घास जेवल्या. मग म्हणाल्या, "चल, बस गाठू. यंत्राचं काही खरं नाही आता. एका डोळ्याला दोन नळ्या काय करायच्यात?"

"यंत्र घ्यायचं," मी म्हटलं. "मला दोन डोळे आहेत. मी बघीन, तुम्ही सुई चालवा."

"तुला दगडातलं काय कळतं?"

"दगडातलं काही कळत नाही. सुई वर आहे की खाली, टेकली की नाही, एवढं कळतं. आणि बोलायला मी थकत नाही, हे तुम्हीच सांगत असता सगळ्यांना."

वन्संनी ताटातली लिंबाची फोड माझ्या भातावर पिळली. मला लिंबू लागतं म्हणून.

वर गेलो तर देवस्थळी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते. "डावीकडचं टोपण कुठे घरंगळलं कोण जाणे," म्हणाले. मी पर्समधून काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "यंत्र घेतोय आम्ही. नळ्यांतून मी बघणार." त्यांनी ते पाहिलं. मग वन्संकडे पाहिलं, त्या खुर्ची चाचपून बसत होत्या. एवढ्या वर्षांच्या दुकानदाराला काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी विचारलं, "बाई, नळ्यांमधलं अंतर मग यांच्या डोळ्यांच्या मापाने लावून देऊ?"

"यांच्याच," वन्सं म्हणाल्या. "आणि स्क्रू घट्ट करा. हिला सतत काहीतरी हलवायची सवय आहे."

मग अर्ध्या पटीचं भिंग, मानेचे दोन दिवे, नळ्यांवरच्या रबराच्या वाट्या, सगळं वहीतल्या यादीप्रमाणे खोक्यात गेलं. बसमध्ये ते खोकं नाशिकपर्यंत वन्संनी मांडीवर घेतलं. मी दोनदा मागितलं. दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेलाय तो काही परत यायचा नाही. उजव्यात सुरुवात झालीय, पण वेळेवर आलात. थेंब घालायचे, जन्मभर, एकही दिवस न चुकता. ते थेंब वन्सं आपल्या हाताने घालायच्या. निम्मे गालावर पडायचे. मी दारात उभी राहायची आणि दुसरीकडे बघायची. उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. त्या अकरा वर्षं त्या टेबलाशी बसल्या. गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील.

पण मला सांगायचाय तो पहिला दिवस. डॉक्टरांकडून आलो, जेवलो, आणि दुपारी वर गेलो. वन्संनी मुसळगावचाच दगड काढला, मोडका तुकडा गेला तरी बाकीची पोकळी शाबूत होती. दिवे वाकवले. मी नळ्यांना डोळे लावले.

आधी दोन गोल दिसले. ते जवळ येत येत एकात एक बसले, आणि दगड उघडला. खरंच सांगते, माझी मान मागे गेली. काळ्या भिंतींची एक खोली, आणि भिंतीभिंतीतून पांढरे केस फुटलेले, पुढचे माझ्या नाकाशी, मागचे कितीतरी आत. दहा वर्षं मी याला उद्योग नाहीत दुसरे म्हणत होते.

"सांग ना," वन्सं म्हणाल्या. "नुसती बघू नकोस."

मी सांगितलं. जसं येईल तसं सांगितलं. शेवया वाळत घातल्यात तसं दिसतं म्हटलं, त्याही हातशेवया, अगदी बारीक. कुठल्या पुढे, कुठल्या मागे, ते सांगितलं. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी टेबलाच्या कडेला मनगट टेकवलं आणि सुई आत घातली.

"दोन केसांच्या मध्ये मातीचा कण आहे," मी म्हटलं. "खाली या. अजून. थोडं तुमच्याकडे. थांबा. पुढे गेलात. मागे या."

सुई कणाच्या आसपास फिरत होती. कधी वर राहायची, कधी पलीकडे जायची. माझ्या डोळ्यांना कण एवढा मोठा दिसत होता की मला तो एका झटक्यात काढता आला असता. सुई एका केसाच्या अगदी जवळून गेली आणि माझा हात उठला. मी सांगत नव्हते त्याला, आपला आपण उठला, त्यांच्या मनगटाकडे निघाला. द्या इकडे, मी काढते, हे शब्द ओठांवर आले होते.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसले.

"गप्प का झालीस?" वन्संनी विचारलं. "मोडलं काही?"

"नाही मोडलं."

"मग? हात कुठे आहेत तुझे?"

"खाली आहेत. बसलेय त्यांच्यावर."

वन्सं हसायला लागल्या. सुई हलेल म्हणून ती बाहेर काढून धरली आणि पोटभर हसल्या, मीही हसले, हात न काढता. मग त्यांनी श्वास घेतला, मनगट पुन्हा टेकवलं. "हं. बोल."

"खाली. अजून थोडं. डावीकडे, केसभर. टेकलात. आता हळूच वर उचला. तसंच. येतोय."

कण सुईला चिकटून वर आला.

"निघाला?"

"निघाला."

"स्फटिक?"

"आहेत. सगळे आहेत, वन्सं."

त्यांनी कण बोटाला पुसला. सुई खाली ठेवली नाही.

"पुढचा कुठे आहे ते सांग," म्हणाल्या.